गावची शाळा आणि गाव नसलेली मुले

सरकारी प्राथमिक शाळेत आपल्या मुलाला जागा मिळावी म्हणून बापाने अर्ज करावा, ‘तूर्त जागा नाही’ असे उत्तर त्याला मिळावे, आणि तरीही प्रतीक्षायादीत नाव घालून त्याने पुढच्या जूनची वाट पाहत राहावे, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर ऐकणाऱ्याने ती थट्टाच समजली असती. कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत जागा नसणे ही अडचण त्या काळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती, मुले नसणे हीच अडचण होती. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीने ही थट्टा खरी करून दाखविली. २०१२ साली दत्तात्रय वारे हे शिक्षक या वाडीवर रुजू झाले तेव्हा तेथे दोन खोल्या आणि मूठभर मुले एवढाच शाळेचा पसारा होता. पुढच्या काही वर्षांत ग्रामस्थांनी शाळेला जमीन दिली, देणग्या उभ्या राहिल्या, काचेच्या भिंतींचे आणि सौर ऊर्जेवर चालणारे वर्ग बांधले गेले, प्राथमिक शाळेची उच्च प्राथमिक झाली, आणि प्रवेशासाठी खोळंबलेल्या मुलांची संख्या हजारांच्या घरात गेली.

वृत्तपत्रांचा उत्साह त्या काचेच्या भिंतींची छायाचित्रे छापण्यातच बहुतांशी सरला. वस्तुतः त्या शाळेत पाहण्यासारखी गोष्ट भिंतींच्या आत होती. एखादा भाग ज्या मुलाला आधी उमगला त्याने तो इतरांना समजावून द्यावा, या पद्धतीला तेथे ‘विषयमित्र’ म्हणतात. चार-सहा मुलांचे कोंडाळे जमिनीवर बसले आहे, मधोमध वही उघडी आहे, भागाकार अडलेल्या मुलाला त्याच्याच वयाची मुलगी बोट ठेवून ‘इथं तू हातचा विसरलास’ असे सांगते आहे, आणि गुरुजी दोन हात अंतरावर उभे राहून मध्ये न पडण्याचे कठीण काम करीत आहेत, असे दृश्य ज्या शाळेत नित्याचे असते तिला काचेची भिंत असली काय आणि कुडाची असली काय, फारसा फरक पडत नाही. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळाव्या लागणाऱ्या शाळांतून तर ही पद्धत हौसेपेक्षा गरजेतूनच जन्माला येते. वाबळेवाडीने त्या गरजेला शिस्त लावली, एवढे श्रेय तिचे निर्विवाद आहे.

शासनाची दृष्टी अशा शाळेकडे वळली नसती तरच नवल. २०१८ साली राज्याने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापून पहिल्या तेरा शाळांना ‘ओजस’ शाळा म्हणून निवडले, त्यांत वाबळेवाडी होती. दोन वर्षांत सरकार बदलले, मंडळ बरखास्त झाले, आणि वाडीची शाळा पुन्हा जिल्हा परिषदेची शाळा म्हणून जशी होती तशी चालू राहिली. २०२१ मध्ये आर्थिक व्यवहारांविषयी तक्रारी झाल्या, वारे यांचे निलंबन झाले, चौकशी झाली. त्या चौकशीतून ते निर्दोष बाहेर पडले, परंतु वाबळेवाडीस परतले नाहीत; शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगर या पट जवळजवळ संपलेल्या शाळेवर त्यांनी आणि तेथील ग्रामस्थांनी तोच उद्योग पुन्हा आरंभिला, आणि २०२५ साली जगातील उत्कृष्ट शाळांसाठी दिल्या जाणाऱ्या पारितोषिकांपैकी लोकमताने ठरणारे पारितोषिक त्या शाळेला मिळाले.

या साऱ्या प्रकरणात व्यक्तींच्या गुणदोषांपेक्षा एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो शाळेच्या मालकीचा. जमीन गावाने दिली, पैसा गावाने आणला, श्रम गावाने केले. इमारत मात्र जिल्हा परिषदेची, शिक्षक जिल्हा परिषदेचा, अभ्यासक्रम राज्याचा, आणि प्रवेशाचा नियम संसदेचा. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा प्रवेशासाठी देणगी घेण्यास किंवा मुलाची चाळणी लावण्यास सक्त मनाई करतो, आणि ते सर्वस्वी योग्य आहे; तोच कायदा प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती नेमून तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही सांगतो. पण समितीला विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार असला तरी आपल्या शाळेचा शिक्षक राहावा की जावा याविषयी तिचे मत कोणी विचारीत नाही. ते बदल्यांची संगणकीय प्रणाली ठरविते. ज्या गावाने तळहाताच्या फोडाप्रमाणे जपलेली शाळा एका आदेशाने पोरकी होऊ शकते, त्या गावाला लोकसहभागाचे पुन्हा आवाहन करताना शासनाला थोडा संकोच वाटावयास हवा. दुसऱ्या बाजूने, लोकवर्गणीचा पै-पैचा हिशेब चावडीवर वाचून दाखविला गेलाच पाहिजे. कौतुकाच्या भरात हिशेबाकडे काणाडोळा करणारे हितचिंतक शाळेचे नुकसानच करतात.

गावाने पैसा द्यावयाचा आणि हुकूम दुसऱ्याने सोडावयाचा हा शिरस्ता या मुलखाला नवा नाही. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊ लागला. खेड्यापाड्यांतील कित्येक मराठी शाळा त्या आण्यावर उभ्या राहिल्या. आणा देणाऱ्या कुळंब्याचे पोर त्या शाळेत कितपत पोहोचत होते याची साक्ष १८७४ सालीच मिळाली. सावकाराच्या जाचाविरुद्ध रयतेने बहिष्काराचे पहिले पाऊल उचलले ते शिरूर तालुक्यातील करडे गावी, आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सुपे येथे दंगे भडकून ते भीमथडीत व शिरूरकडे पसरले तेव्हा रयतेने ठिकठिकाणी सावकारांकडून हिसकावून जाळले ते त्यांच्या जवळचे कर्जरोखे. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यावर काय लिहिले आहे हे त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमके हेच गाऱ्हाणे मांडले, की सरकारी उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या, १९४७ च्या कायद्याने त्यांची घडी पुन्हा बदलली, आणि १ मे १९६२ पासून त्या जिल्हा परिषदांच्या झाल्या. सक्ती आली ती कागदावर आधी आणि वाडीवस्तीवर फार उशिरा.

वाडीवस्तीवर शाळा कशी आली याचा इतिहास तर अगदी कालचा आहे. शिरूर तालुक्याच्या पूर्वेकडील आणि दौंडच्या जिरायती भागातील वस्त्या गावठाणापासून दोन-दोन, तीन-तीन कोसांवर विखुरलेल्या; विहीर जेथे लागली तेथे घर पडले, आणि चार भावकीची घरे झाली की त्या जागेला मळा किंवा वस्ती असे नाव मिळाले. २००० च्या सुमारास राज्याने वस्तीशाळेची योजना काढली आणि महिना हजार रुपये मानधनावर निमशिक्षक नेमले. कोणाच्या पडवीत, कोणाच्या गोठ्याशेजारी, कोठे मारुतीच्या देवळात भरलेल्या या शाळा पुढे नियमित झाल्या आणि त्या निमशिक्षकांनाही दीर्घ प्रतीक्षेनंतर कायम नोकरी मिळाली. आज ‘वीसपेक्षा कमी पटाची शाळा’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले जाते त्यांतल्या पुष्कळशा याच आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले तेव्हा राज्यात त्यांची संख्या सुमारे १५,००० निघाली. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे समोर ठेवली गेली. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने शिक्षकांच्या पदांचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत वीस मुले नसतील तर तेथे शिक्षकाचे पदच नाही अशी स्थिती आली.

समूह शाळेच्या कल्पनेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. सात मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही, स्नेहसंमेलन होत नाही, आणि चौथीत एकटाच असलेला मुलगा स्पर्धा करणार ती कोणाशी? परंतु हा युक्तिवाद करणाऱ्यांनी अंतराचा विचार नकाशावर केलेला असतो. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले आहे. हा एक किलोमीटर घोडनदीच्या खोऱ्यात कशातून जातो, हे पाहावयास हवे. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस, मधून बैलगाडीच्या चाकोरीचा पाणंद रस्ता, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि त्या उसात जन्मून उसातच वाढलेले बिबटे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबुत परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव बिबट्याच्या हल्ल्यात गेले, त्यांतली दोन लेकरे होती. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला, आणि त्यानंतर बिबट्याप्रवण गावांतील शाळांची वेळ सकाळी साडेनऊ ते दुपारी चार अशी करण्यात आली, जेणेकरून मुले उजेडी घरी पोहोचावीत. ही तजवीज शहाणपणाची होती. पण ज्या वस्तीवरची शाळा उद्या मिटविली जाईल तिच्या मुलांना चार वाजता सुटूनही किती चालावे लागेल, आणि वाहनाची सोय केली तर ते वाहन पाणंदीत शिरेल काय, याचा हिशेब समूह शाळेच्या प्रस्तावात कोणत्या रकान्यात मांडावयाचा हे सांगितलेले आढळत नाही.

इकडे पट आटत असताना पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर नेमकी उलट गत आहे. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव या पट्ट्यात कारखाने आले तसे त्यांच्यामागून मराठवाडा, विदर्भ, बिहार आणि उत्तर प्रदेशातून कामगार आले. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या, आणि जिल्हा परिषदेच्या वर्गांत मुले मावेनाशी झाली. अशा वर्गात पहिल्या बाकावर लातूरचा मुलगा, त्याच्या मागे गोरखपूरची मुलगी, आणि बाई ‘अ अननसाचा’ शिकविताना एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत बोलतात. मराठी माध्यमाची सरकारी शाळा परप्रांतीय मुलांनी टिकविली, हा या औद्योगिक पट्ट्यातला विनोद आहे; कारण गावातल्या खातेदारांची नातवंडे पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेकडे गेलेली असतात. खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचा हक्क गरिबांच्या मुलांना आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट, असा बदल केला होता, तो त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. सरकारी शाळा भरण्याचा तो मार्ग नव्हताच. वाबळेवाडीत कोणी कोणाला अडवून आणले नव्हते.

येथवर जे लिहिले ते ज्यांना गाव आहे त्यांच्याविषयी. लोकसहभागाचा महिमा गाणाऱ्या लेखांची आणि भाषणांची, माझ्या मते, मोठी उणीव हीच आहे, की त्यांतला ‘लोक’ हा नेहमी घरदार, सातबारा आणि मतदारयादीत नाव असलेला असतो. ज्या पालकांचा मुक्काम या गावी पाच महिन्यांचा, ते शाळेला जमीन कोठून देणार आणि व्यवस्थापन समितीच्या सभेला कोणत्या दिवशी येणार? दौंड तालुक्यात हा प्रश्न दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ट्रकमधून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरतो.

बीड, अहिल्यानगर, जळगाव अशा भागांतून उसतोडीच्या टोळ्या येतात, मुकादमाने दिलेली उचल फेडण्यासाठी. कारखान्यानजीक किंवा फडाजवळच्या मोकळ्या रानात त्यांचा तळ पडतो आणि बांबू, पाचट व ताडपत्रीच्या कोपी उभ्या राहतात. नवरा-बायको पहाटे काळोखातच फडात जातात. नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीच्या दाराशी राहते. तिच्याहून थोडा मोठा भाऊ फडात वाढे गोळा करून त्याच्या पेंढ्या बांधतो, कारण वैरणीसाठी वाढ्यांना गिऱ्हाईक असते आणि ते सुटे पैसे घरखर्चाला पडतात. केडगाव, यवतच्या बाजूला गुऱ्हाळे आहेत, तेथे चुलवाणापाशी काम करणारी कुटुंबे उत्तर प्रदेशातून येतात. वीटभट्ट्यांवरची माणसे आणखी कोठून आलेली असतात. गावची शाळा या तळांपासून फार दूर असते असेही नाही. कित्येकदा प्रार्थनेचा आवाज कोपीपर्यंत ऐकू येतो.

गाव नसलेल्या मुलांची शाळा याच केडगावात एकदा उभी राहून गेली आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले, आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात हिंडून निराधार मुलींना आणि स्त्रियांना त्या घेऊन आल्या; लोहमार्गालगत केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ची वसाहत झाली. १९०० च्या सुमारास तेथे राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती. वाचन-लेखनाबरोबर विणकाम, छपाई, तेलाचा घाणा, शेती यांचे शिक्षण तेथे दिले जाई. रमाबाईंच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात जेवढी शाई खर्ची पडली तिच्या दशांशानेही त्यांच्या या शिक्षणव्यवस्थेवर पडली नाही, ही आपल्या सार्वजनिक चर्चेची जुनी खोड. येथे लक्षात घेण्याचा मुद्दा इतकाच, की त्या मुलींच्या बाबतीत ‘तुमच्या गावच्या शाळेचा दाखला आणा’ असे कोणी म्हटले नाही.

कायद्याने आजही तसे म्हणता येत नाही. दाखला नाही या सबबीवर प्रवेश नाकारू नये, वयाप्रमाणे वर्गात बसवावे, या तरतुदी २००९ च्या कायद्यात स्पष्ट आहेत. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षणहमी कार्ड आहे, मूळ गावी आजीजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. १९९० च्या दशकात ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालविल्या, त्यांचा अनुभवही राज्याच्या गाठीला आहे. अडते ते पटावर. शाळेला किती शिक्षक द्यावयाचे हे ठरविणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावरून होते, आणि त्या दिवशी उसतोड कामगाराचे मूल बीड जिल्ह्यातल्या शिरूरच्या किंवा आष्टीच्या शाळेत बसलेले असते. त्या शाळेला त्याच्या नावाने शिक्षक मंजूर होतो. नोव्हेंबरात मूल दौंडला येते. शिक्षक तिकडेच राहतो, संगणकावरचे नावही तिकडेच राहते. इकडचा मुख्याध्यापक भला असेल तर तो त्या मुलाला वर्गात बसवितो, खिचडीच्या पंगतीला घेतो, जुन्या पुस्तकांतले एखादे देतो. पण हे मूल त्याच्या हिशेबात नसल्यामुळे एका वर्गात पंधरा मुले वाढली तरी त्याला जादा माणूस मिळत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये गाळपाचा पट्टा पडला, टोळ्या परतल्या, की ते मूल पाच महिन्यांत काय शिकले याची नोंद कोणत्याही शाळेत उरत नाही. त्यातून अलीकडे आधारक्रमांकाची पडताळणी झालेलीच मुले संचमान्यतेत धरण्याचा दंडक आला; ज्यांचे कागद कोपीत उंदराने कुरतडावेत किंवा मुकादमाच्या पेटीत पडून राहावेत, त्यांची त्या गाळणीत काय वाट लागते हे सांगावयास नको.

यावर उपाय सुचविताना मोठ्या योजनेची मुळीच आवश्यकता नाही. साखर कारखान्यांच्या तालुक्यांत जानेवारीत दुसरी पटमोजणी घ्यावी, आणि मूळ तालुक्यात ज्या शाळा या दिवसांत ओस पडतात तेथील काही शिक्षकांची नेमणूक हंगामापुरती इकडे करावी; त्यांना ती मुले नावानिशी ठाऊक असतात, त्यांच्या बोलीत बोलता येते, आणि एप्रिलमध्ये त्यांच्याबरोबरच परत जाता येते. भत्त्याचा आणि निवासाचा प्रश्न येईल, तो सुटण्यासारखा आहे. मुले शोधावी कोठे, ही अडचण तर मुळीच नाही. कोणत्या मुकादमाची टोळी, किती कोयते, कोणत्या गटात, कोणत्या शेतकऱ्याच्या रानात उतरली आहे, याची नोंद प्रत्येक कारखान्याच्या शेतकी विभागात हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून ठेवलेली असते, कारण तिच्याशिवाय उसाची एक खेपही गव्हाणीपर्यंत येऊ शकत नाही. त्या यादीत आज माणसे आहेत, बैल आहेत, गाड्या आहेत. मुलांचा एक रकाना वाढवून तिची नक्कल दर सोमवारी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत पाठविण्याचा हुकूम जिल्हाधिकारी एका कागदावर काढू शकतात, आणि त्यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.